मामा तलावावर कार्बन कशाला?

आमच्या भंडाऱ्याकडे आठवडी बाजारात आता भाजीच्या ओळीनंतर प्लास्टिकच्या बादल्या, मग चपला आणि त्याच्या शेजारी ताडपत्रीवर मासे धरायचे रॉड मांडलेले असतात. टेलिस्कोपिक, एकात एक सरकणारे. रंग काळा कुळकुळीत, वर चांदीच्या अक्षरात ‘कार्बन’ लिहिलेलं, भाव तीनशेपासून पुढे. भाचा यंदा असाच एक घेऊन आला. “मामाजी, कार्बनचा हाय, पाहा ना.”

मी लाईनमनच्या नोकरीतून निवृत्त झालो, पण मल्टिमीटर काही निवृत्त झालं नाही. रॉडच्या बुडाची टोपी फिरवून काढली, आतल्या नळीची कड पॉलिश पेपरने जराशी घासली, मीटर ओहमवर ठेवलं आणि दोन्ही पिना त्या घासलेल्या कडेला दोन ठिकाणी टेकवल्या. काटा हलला नाही म्हणा, म्हणजे आकडा काही आला नाही. कार्बनमधून वीज जाते. खरा कार्बन असता तर मीटरने काहीतरी रोध दाखवलाच असता. काचेतून जात नाही. वरचा काळा रंग निव्वळ रंग होता, खाली फायबर ग्लास, म्हणजे काचेचे धागे.

“म्हणजे फसवलं ना गा मले त्यानं!”

फसवलंच. पण माझं त्याला म्हणणं असं होतं, आणि इथेही तेच लिहितोय, की आपल्या तलावांवर, आपल्या वापराला, फायबरचाच रॉड बरा. त्या दुकानदाराने खोटं बोलून का होईना, योग्य माल दिला. तुम्हीही बाजारातून काही आणणार असाल तर ही मीटरची चाचणी करून पाहा. मीटर नसेल तर गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे असतं. रंगावरून मात्र करायला जाऊ नका, रंगावर मीटर टेकवून काहीच कळत नाही.

फायबर ग्लास मला मासोळीमुळे नाही, खांबामुळे माहीत. लाईन बंद केल्यावर तारेत उरलेला करंट जमिनीत घालवायला जो डिस्चार्ज रॉड लावतात, त्याची लांब मूठ काचेच्या धाग्याची आणि ते धागे धरून ठेवणाऱ्या रेझिनची, म्हणजे एका प्लास्टिकची असते. आता ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) लाईनवर चिनीमातीच्या जागी पॉलिमरचे इन्सुलेटर आलेत, त्यांच्या रबरी चकत्यांच्या आत बोटाएवढा जाड फायबरचा भरीव दांडाच असतो. तारेचा सगळा ताण तो एकटा घेतो, उन्हात, पावसात, वाऱ्यात, वर्षानुवर्षं. रॉडमध्ये जी साधी काच वापरतात, तिला ई-ग्लास म्हणतात, ती मुळात विजेच्या इन्सुलेशनसाठीच बनवली गेली. एस-ग्लास म्हणून दुसरा एक प्रकार आहे, जास्त मजबूत आणि थोडा ताठ, पण महाग. आपल्या बाजारात तो दिसण्याचा प्रश्नच नाही.

म्हणून कोणी “फायबर म्हणजे प्लास्टिक” म्हटलं की मला राग येतो. प्लास्टिक फक्त धरून ठेवायला आहे. काम काच करते.

आता काच म्हटली की लोकांना वाटतं फुटणार. धाग्याच्या रूपात गोष्ट उलटी आहे. केसाहून बारीक काढलेला काचेचा धागा तुटायच्या आधी चार-साडेचार टक्के लांबतो. रॉडमध्ये वापरतात तो साधा कार्बनचा धागा दीड ते दोन टक्क्यांतच संपतो. ताठपणात मात्र कार्बन काचेच्या तिपटीच्या आसपास, आणि वजनाला हलका. सगळं गणित इथेच आहे. ताठ आणि हलका हवा असेल तर कार्बन, वाकून सहन करणारा हवा असेल तर काच. दोन्ही एकाच दांड्यात मागाल तर दोन्ही मिसळलेला घ्यावा लागतो. तसेही रॉड निघतात आणि चांगले असतात. अमेरिकेतल्या शेक्सपिअर कंपनीने १९७६ मध्ये ‘अग्ली स्टिक’ काढला, तो याच मिश्रणाचा, शेंड्याला भरीव काच.

तुटण्यातही फरक आहे. कार्बन कडाड आवाज करून एका क्षणात तुटतो, आणि त्याच्या कडा हाताला लागतात. काचेचा आधी करकरतो, जागेवर पांढरा पडतो, आणि तरी मोडलाच तर ओली तुराटी मोडावी तसा सालटं धरून लोंबत राहतो. मासा बहुतेक वेळा काठावर येतो.

आमच्याकडे याआधी काय होतं? बांबू, दुसरं काय. शेजारचे ढिवर (मासेमार समाजाचे) काकाजी अजून बांबूच वापरतात आणि माझ्या रॉडकडे पाहून नाक मुरडतात. त्यांच्या हातात मानवेल असतो, आपल्या जंगलातला तो जवळजवळ भरीव बांबू. हिवाळ्यात तोडलेला, सावलीत वाळवलेला, चुलीच्या धगीवर फिरवून सरळ केलेला. मी त्यांना नावं ठेवत नाही. पेराच्या गाठी घासून गुळगुळीत केलेली त्यांची काडी हातात घेतली की वजन असं जुळलेलं असतं की कंपनीला जमणार नाही. पण घुण लागते. दोन पावसाळे नीट गेले तर तिसऱ्यात छपराखाली पिवळा भुगा पडलेला दिसतो, मग काडी चुलीत.

गंमत अशी की फायबरचा रॉड जगात पसरला त्यात बांबूच्या टंचाईचाही हात आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत आर्थर हॉवाल्ड नावाच्या माणसाने काचेच्या धाग्याचा रॉड करायची रीत काढली. तोवर तिकडचे चांगले रॉड चीनमधून येणाऱ्या टोंकिन बांबूच्या फाका चिकटवून बनायचे. १९५० च्या शेवटी कोरियाच्या युद्धात अमेरिकेने चिनी मालावर बंदी घातली आणि तो बांबू यायचा थांबला. काचेला मैदान मोकळं झालं. १९७३ मध्ये फेनविक कंपनीने कार्बनचे रॉड बाजारात आणले, तेव्हापासून काच मागे पडली. तिकडे. आपल्याकडे ती मागे पडायचं कारण नाही, ते का, ते सांगतो.

आमचा भाग तलावांचा. धानाच्या बांध्या, त्यांना पाणी द्यायला बोड्या (लहान तळी) आणि तलाव. मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, १९५० च्या कायद्याने गेली, तलाव राहिले, म्हणून ते माजी मालगुजारी तलाव, सगळे म्हणतात मामा तलाव. या तलावांचा काठ कधी नीट पाहिलाय? बेशरमची झुडपं पाण्यात उतरलेली. पुढे कमळाची पानं. त्याच्या पुढे ढिवर समाजाच्या लोकांनी लावलेला शिंगाडा. पाळीवर बाभळी. तळाला जुन्या बुंध्यांची मुळं, धुण्याचे दगड, आणि कुणाची तरी हरवलेली चप्पल. गरी, म्हणजे गळ, अडकणं हा अपवाद नाही, नियम आहे. मागे ओढताना रॉड बाभळीच्या फांदीवर आपटतो, दगडावर पडतो, म्हैस त्याच्यावरून जाते (म्हशीखाली काहीच टिकत नाही, फायबरही नाही, पण बाकीच्यातून निघतो).

कार्बनच्या नळीची भिंत पातळ असते. दगडावर आपटून तिला बारीकशी खोच पडली तरी बाहेरून दिसत नाही, आणि पुढच्या मोठ्या माशाला ती तिथूनच जाते. मासा मोठा होता म्हणून तुटला असं लोक सांगतात. बहुतेक वेळा मासा निमित्त असतो, रॉड आधीच्याच आठवड्यात दगडावर मेलेला असतो. काचेची भिंत जाड, खोच सहन करते. आपल्याकडचा रॉड मोटारसायकलवर जातो, पोरांच्या हाती लागतो, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ढेपेच्या पोत्याखाली जातो. अशा संसाराला काचच पाहिजे.

कशासाठी वापरावा? पहिलं नाव रोहूचं. कणीक, भिजवलेली ढेप, थोडा तांदळाचा कोंडा, मळून गोळी. तरंग्याला सनकाडीचा तुकडा. रोहू ओढत नाही, चोखतो. तरंगा आधी थरथरतो, मग तिरपा होतो, मग सरकतो. त्याचे ओठ मऊ मांसल, ताठ रॉडने झटका दिला की गरी ओठ फाडून रिकामी येते. फायबरचा रॉड हिसक्याचा जोर स्वतः वाकून पिऊन टाकतो आणि गरीला बसायला वेळ देतो. पुढे रोहू धावला की रॉड मुठीपर्यंत लवतो, आणि पातळ तंगूसही (नायलॉनचा दोराही) तुटत नाही. ०.३० मिलिमीटरच्या तंगूसवर मोठा रोहू काठाशी आणायची मजा फायबरवरच आहे. वेळ लागतो. लागू द्या, निवृत्त माणसाला घाई कसली?

तिलापियासाठी तर विचारच नको. मुलांना शिकवायला हाच मासा आणि हाच रॉड. भरीव काचेचा छोटा रॉड मिळतो, वजनाला जड, दिसायला गरीब, पण मुलाने तो जमिनीत खुपसला, तलवारबाजी केली, सायकलच्या चाकात घातला तरी संध्याकाळी शाबूत असतो.

रात्री वाम आणि मांगूर. गांडूळ तळाला सोडायचं, रॉड दुबेळक्या काडीवर टेकवायचा, शेंड्याला बैलाच्या गळ्यातला जुना घुंगरू बांधायचा. वाम हळूहळू गिळते. शेंडा मऊ असेल तर तिला ओढ जाणवत नाही आणि ती टाकून देत नाही. इथे महागड्या रॉडचा काहीच उपयोग नाही. अंधारात कोणाचा तरी पाय पडणार, हे धरूनच चालायचं.

मरळीचं दोन भागात सांगावं लागेल. जिवंत कोतरी (लहान मासा) किंवा झिंगा लावून, मोकळ्या पाण्याच्या खिडकीत सोडून बसायचं असेल तर फायबर चांगला. पण रबरी बेडूक कमळाच्या पानांवरून उड्या मारत आणायचा असेल, तर नाही. त्या बेडकाच्या गऱ्या पाठीला चिकटून असतात, मरळीचं तोंड हाडाचं, झटका जोरात आणि तत्काळ बसला पाहिजे, आणि लागलेली मरळ पुढच्याच क्षणी शिंगाड्याच्या वेलात घुसते. लवणारा रॉड इथे हात बांधतो. इथे ताठ, आखूड, जाड कार्बन किंवा मिश्र रॉड घ्या, मी स्वतः भाच्याला तसंच सांगितलं. आणि मरळीबद्दल एक, विषय नसताना. पावसाळ्यात पाण्यावर लालसर पिलांचा घोळका दिसला तर खाली आई-बाप राखणीला असतात. ते तेव्हा चिडून कशालाही तोंड लावतात, म्हणून काही जण मुद्दाम तिथेच टाकतात. आई-बाप काढले की तो सगळा घोळका बाकीच्या माशांच्या पोटात. तेवढे दिवस सोडून द्या.

वैनगंगेच्या मोठ्या पाण्यावर, म्हणजे गोसीखुर्दच्या वर पाणी पसरलंय तिथे, काठावरून लांब फेकायचं असेल तरीही फायबर कमी पडतो. दांडा स्वतःच जड, तो सावकाश सरळ होतो, शिसं लांब जात नाही. दिवसभर हातात धरून फेकत राहणाऱ्याचं मनगट संध्याकाळी बोलतं. तळाला दगड आहे की चिखल, हे बोटाला कळणंही काचेत कमी. हे खरे तोटे आहेत, लपवण्यात अर्थ नाही. पण आपल्यातले किती जण दिवसभर फेकतात? आपण टेकवतो आणि बसतो.

आता टिकाऊपणा. बाजारात ‘अनब्रेकेबल’ म्हणून विकतात, ते ऐकू नका. फायबरचे शत्रू ठरलेले आहेत आणि त्यांतला मासा शेवटचा.

पहिला ऊन. आमच्यापासून नदीपलीकडची ब्रह्मपुरी दर मे महिन्यात तापमानाच्या बातम्यांत असते, पारा ४५ च्या पुढे. टिनाच्या शेडखाली त्याहून जास्त. काचेला उन्हाचं काही होत नाही, रेझिनला होतं. वरचा चकचकीत थर आधी फिका पडतो, मग खडूसारखी पांढरी भुकटी हाताला लागते, आणि शेवटी काचेचे धागे उघडे पडून बोटात कुसळं घुसतात. लाईनमनच्या फायबरच्या शिडीला असंच होतं, बाहेर उन्हात ठेवलेल्या शिडीवर हात फिरवून पाहा. उपाय सोपा आहे. वर्षातून एकदा बारीक पॉलिश पेपर पाणी लावून फिरवायचा, नीट वाळवायचा, चांगल्या वार्निशचा पातळ हात द्यायचा. पेपर कोरडा फिरवू नका. ती भुकटी नाकात गेली तर खोकला आणि अंगाला लागली तर रात्रभर खाज. तोंडाला दुपट्टा बांधा आणि काम अंगणात करा, घरात नको. घरात केलं तर आमच्या हिच्यासारखं कोणी ना कोणी बोलणारच.

दुसरा कोपरा. घरी आल्यावर रॉड भिंतीला तिरपा टेकवून ठेवायची सवय सगळ्यांना. उन्हाळ्याच्या उष्णतेत तो तसाच महिनाभर वाकून राहिला की बाक कायमचा बसतो. दोन खिळ्यांवर आडवा ठेवा, किंवा शेंड्याने उभा लटकवा.

तिसरा मोटारसायकलची रबरी पट्टी. नळी पोकळ आहे, लांबीत ती बरीच वाकेल, पण आडव्या दाबाने चेपते. पट्टी आवळून बांधली आणि खड्ड्यातून गाडी नेली की त्याच जागी चीर. शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला पीव्हीसी पाइप घ्या, अडीच इंची, एका बाजूला टोपी चिकटवा, दुसऱ्या बाजूला सैल टोपी. टोप्यांना दोन-दोन भोकं पाडा, नाहीतर ओला रॉड आत कोंडून कड्या गंजतात.

चौथी सवय. मासा काठाशी आला की रॉड उभा करून मागे झुकवायचा आणि दुसऱ्या हाताने तंगूस धरायला जायचं. त्या क्षणी सगळा वाक शेंड्याच्या वीतभर भागात जमा होतो. तंगूस आणि मूठ यांच्यातला कोन (रॉड सरळ माशाकडे रोखला की शून्य) काटकोनाच्या आत ठेवला तर जोर मधल्या आणि खालच्या जाड भागावर येतो. फायबर हे कार्बनपेक्षा जास्त माफ करतो, पण माफीला मर्यादा असते. रिळाचा ड्रॅग (ब्रेक) तंगूसच्या ताकदीच्या चौथाई ते तिहाई ठेवा, सहा किलोची तंगूस असेल तर दीड-दोन किलोला सुटली पाहिजे. घरच्या वजनकाट्याला बांधून पाहता येतं. आणि गरी मुळात अडकली तर रॉडने कधीच ओढू नका. रॉड तंगूसच्या सरळ रेषेत धरा, तंगूस लाकडाच्या तुकड्यावर दोन वेढे घ्या आणि हाताने ओढा. हाताच्या बोटांवर वेढे घेऊ नका, कापतं.

कड्यांबद्दल लोक बोलतच नाहीत, आणि निम्म्या माशांची चोरी तिथे होते. तंगूस ज्या कड्यांमधून जाते त्यांच्या आतल्या वर्तुळाला चीर गेली की तंगूस तिथे घासून कमजोर होते, मग मोठा मासा तोडून गेला म्हणायला आपण मोकळे. डोळ्याला ती चीर दिसत नाही. कापसाचा छोटा बोळा कडीतून फिरवा. धागा अडकला तर कडी गेली. कापसासाठी भंडाऱ्यातल्या माणसाला यवतमाळच्या पाहुण्याची वाट पाहायची गरज नाही, समईच्या वातीचाही चालतो.

टेलिस्कोपिक रॉडचे सांधे हा वेगळाच ताप. वाळूचा एक कण आत गेला की तुकडा अडकतो, आणि लोक पिळतात. पिळू नका, काचेचे धागे लांबीत घातलेले असतात, पिळायला ते कमजोर. बूड लाकडी पाटावर हळूहळू ठोका, सुटतो. नाही सुटला तर अडकलेल्या जागेच्या बाहेरच्या नळीवर कोमट पाण्याचं फडकं ठेवा. दोन तुकड्यांच्या रॉडला सांध्यावर साधी मेणबत्ती घासली की तो अडकतही नाही आणि फेकताना सुटूनही जात नाही. आणि तलावावरून आल्यावर तुकडे सगळे बाहेर काढून ओल्या फडक्याने पुसून मगच मिटवा. यात काही शास्त्र नाही, फक्त आळस आडवा येतो.

मोडलेला फायबर दुरुस्त होतो, हे मला त्याचं सगळ्यात मोठं सुख वाटतं. शेंड्याची चार बोटं गेली तर नवी शेंड्याची कडी बसवायची आणि चालू. मध्ये मोडला तर आत घट्ट बसेल असा भरीव फायबरचा तुकडा शोधा. जुन्या रॉडचा शेंडा, किंवा मोठ्या छत्रीच्या फायबरच्या काड्या बारीक भागाला चालतात. दोन्ही बाजूंना तीन-तीन बोटं आत जाईल एवढा घ्या, दोन ट्यूबवालं एपॉक्सी लावा, रात्रभर सोडा, मग वरून मजबूत दोरा शेजारी शेजारी गुंडाळून त्यावर परत एपॉक्सीचा थर. ती जागा थोडी ताठ होते, लवण तुटक दिसतं, पण रॉड आणखी कित्येक वर्षं काढतो. काकाजींनी असा एक जोडलेला रॉड हातात घेऊन, उलटसुलट करून, शेवटी एवढंच म्हटलं, “बरा हाय.” त्यांच्याकडून हे फार झालं.

आता माझ्या खात्याचं. तलावाच्या पाळीवरून आणि बांध्यांवरून ११ केव्हीची लाईन बऱ्याच ठिकाणी जाते. रस्ता सोडून इतरत्र अशा उघड्या तारेची जमिनीपासून उंची नियमाने किमान ४.६ मीटर, म्हणजे पंधरा फूट. बाजारात मिळणारे रॉड ४.५ मीटर, ५.४ मीटर, ६.३ मीटर लांबीचे. पाळीवर उभं राहून ५.४ मीटरचा रॉड उचला आणि हिशोब करा. तारेखाली कार्बनचा रॉड घेऊन जाणं म्हणजे हातात तार घेऊन जाणंच आहे. रॉड तारेला टेकलाही पाहिजे असं नाही, अगदी जवळ गेला तरी ११ हजार व्होल्ट मधली हवा ओलांडून येतो.

मग फायबर सुरक्षित का? कोरडा आणि स्वच्छ असेल तर वीज वाहत नाही, पण मासे धरणाऱ्याचा रॉड कधी कोरडा आणि स्वच्छ असतो? ओला, चिखल लागलेला, त्यावरून ओली तंगूस आणि धातूच्या कड्या. आमच्या डिस्चार्ज रॉडची मूठसुद्धा पुसून, तपासून मग वापरायचा नियम होता, हातमोजे वेगळे. म्हणून फायबर आहे म्हणून तारेखाली बसलो, असं कोणी करू नये. बसायच्या आधी मान वर करून पाहा. तारेखालून जायचं असेल तर रॉड मिटवून आडवा न्या. आणि ढग गडगडायला लागले की कोणताही रॉड असो, खाली ठेवा आणि पाळीवरून उतरून पक्क्या घरात जा. झाडाखाली नाही. आमच्या भागात धान रोवणीच्या दिवसांत वीज पडून माणसं जातात, ते सांगायला लाईनमन लागत नाही.

परवानगीचं विसरू नका. बहुतेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, माशांचं बीज त्यांनी विकत आणून सोडलेलं असतं. शौकाने बसणाऱ्याने आधी विचारावं. आमच्याकडे विचारलं तर कोणी नाही म्हणत नाही, थोडं ठरवून घेतात, किंवा मोठा मासा आला तर वजन करून पैसे द्या म्हणतात. नवेगावबांधचा तलाव मात्र त्यात धरू नका, तो राष्ट्रीय उद्यानात आहे. तिथे फक्त पाहायला जायचं.

भाच्यासारखं कोणी पहिल्यांदाच घेत असेल तर माझी निवड अशी. बोडी आणि छोट्या तलावासाठी ३.६ मीटरचा पोकळ फायबर, रिळाशिवाय चालेल. पाळीवर बेशरम जास्त असेल तर ४.५, म्हणजे झुडपापुढे मोकळ्या पाण्यात तरंगा ठेवता येतो. ६.३ च्या फंदात पडू नका, फायबरमध्ये तेवढी लांबी म्हणजे शेंडा सतत खाली झुकलेला आणि खांदा दुखलेला. काकाजींचा बांबू त्या लांबीत जास्त बरा. रीळ लावायचं असेल तर दोन तुकड्यांचा सात फुटी घ्या, टेलिस्कोपिक नको. घेताना दुकानात पूर्ण उघडून, डोळ्यासमोर धरून एका डोळ्याने रेषेत पाहा, सगळ्या कड्या एका ओळीत आहेत का. शेंडा हातात धरून वाकवून दाखवणाऱ्या दुकानदाराला थांबवा, तसं वाकवणं रॉड बिघडवतं. आणि शक्य असेल तर त्याच दुकानातून शेंड्याचा एक जादा तुकडा त्याच वेळी घेऊन ठेवा, पन्नास-शंभरात देतात. पुढच्या बाजाराला तो माणूस असतो, पण त्या मापाचा शेंडा नसतो.